वाटणीची चूक

“बाई, थांबा!”

रंगाऱ्याचा धाकटा ताडकन उभा राहिला. मांडीवरची पाटी खाली आपटली, पण त्याला कुठलं भान. फळ्यावर बावन्नातून अडतीस वजा करायचे चालले होते आणि बाईंनी उत्तर काढलं होतं चोवीस.

“शेजाऱ्याकडून दशक उसनं घेतलंत, पण शेजाऱ्याचं कमी कुठे केलंत? त्याच्याकडे चारच उरले!”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “खरंच की रे. बरं झालं तू होतास.”

एवढंच. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत, खाऊ नाही. पण तेवढ्यावर पोरगं असं फुगलं, की खाली बसताना त्याला दोन माणसांची जागा लागली.

आतल्या दारात स्टुलावर बसून शेंगा सोलणाऱ्या आत्याबाईंनी नाक मुरडलं. त्यात नवीन काही नव्हतं. सुनेच्या शिकवणीवर नाक मुरडायची नोकरी त्या कित्येक वर्षं बिनपगारी करत होत्या, आणि एक दिवसाची रजा त्यांनी घेतली नव्हती.

बाई पुढे गेल्या. आठवड्याचे वार लिहायला घेतले. मंगळवारनंतर गुरुवार लिहिला.

“बाई, थांबा! बुधवार राहिला!” दोन-तीन आवाज एकदम आले.

“अगंबाई,” बाई म्हणाल्या, आणि बुधवार घातला.

मग गाईची वासरं मोजताना सातानंतर नऊ. पुन्हा “थांबा!” आता पोरांना जत्रेचा आनंद झाला. एक जण दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला, “आज बाई चुका वाटायला बसल्यात.” सगळी सतरंजी हसली. बाईही हसल्या.

आत्याबाईंच्या हातातली शेंग मात्र हातातच राहिली.

त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी पोरांना ठाऊक नव्हती आणि सुनेला स्वतःलाही नव्हती. सून मुद्दाम चुकायची तेव्हा तिचा खडूचा हात आपोआप पाठीमागे जायचा आणि मूठ वळायची. खोटं बोलायला अंग लागतं, ते तिला नव्हतं. वजाबाकीच्या वेळी हात पाठीमागे गेला होता. वारांच्या वेळी गेला नाही. वासरांच्या वेळीही नाही. हात समोर होता, मोकळा, आणि तोंडावर काहीच नव्हतं.

आत्याबाई उठल्या आणि शेंगांची टोपली विनाकारण आपटली.

या चुकांची कथा अशी. सून घरात आली ती चार बुकं जास्त शिकून. आत्याबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. एक गणित चुकलं म्हणून मास्तरांनी पालथ्या हातावर पट्टी मारली, त्यावर यांनी मास्तरांच्या तोंडावर सांगितलं, की एवढं येत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते. दुसऱ्या दिवसापासून शाळा आणि त्या एकमेकींना विसरल्या. अशा बाईच्या घरात सुनेने शिकवणी काढली. तीही कुणाची, तर शाळेने हात टेकलेल्या पोरांची. पहिली ते चौथीतली, बोटं तोंडात घालून बसणारी, नाव विचारलं तर रडणारी.

आणि शिकवायची रीत काय? रोज एक चूक स्वतः करायची. पोरांनी ती पकडायची, पकडणाऱ्याने उभं राहून “बाई, थांबा” म्हणायचं, आणि नुसतं थांबवून भागणार नाही, चूक का झाली ते सगळ्यांना समजावून सांगायचं.

“शिकवणारीनेच चुकायचं?” आत्याबाई पहिल्याच आठवड्यात कडाडल्या होत्या. “मला चुकल्याबद्दल पट्टी मिळाली. हिला चुकल्याबद्दल मान मिळतो. मी उगाच घाई केली म्हणायची.”

“आत्याबाई, पोराला डोकं नसतं असं नसतं हो,” सून भाजी निवडत म्हणाली होती. “त्याला चुकायची भीती असते. भ्यालेल्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून आधी मी चुकते. आपण बाईंना सावरलं असं एकदा त्याला वाटलं, की ते पोर दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी धावत येतं.”

“आणि पोरांचे आईबाप म्हणतील, बाईला दोन अधिक दोन येत नाहीत.”

“म्हणू देत.”

अशी ती. वरून मऊ मेण, आत लोखंड. आत्याबाईंना हे आवडायचं, पण आवडतं म्हणून सांगितलं तर ती सासू कसली.

चूक कुणीही पकडावी अशी मोघम नसायची. सून रोज सकाळी ठरवायची, आजची चूक कुणाच्या वाटणीची. शिंपी माप घेऊन कपडा बेततो, तशी ती चूक बेतायची. “आज रंगाऱ्याच्या धाकट्याची. काल बापाने बडवलंय त्याला, आज त्याला काहीतरी सापडायला हवं.” मग त्या पोराला जे नुकतंच जमायला लागलं असेल, नेमकं तिथे बाईंचं पाऊल घसरायचं. बाकीच्या पोरांनी तोंड उघडण्याआधी बाई त्यांच्याकडे एकदा बघायच्या आणि ती शहाणी पोरं ओठ मिटून बसायची. ज्याची चूक त्याने खावी, हा त्या सतरंजीवरचा कायदा होता.

कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा बसतो, त्याची मुलगी आली तेव्हा ती कुणाशीच बोलत नव्हती. पोरं म्हणायची, बाप किल्लीवाला आणि हिच्या तोंडाला कुलूप. बाईंनी तिच्यासाठी चार पायांची कोंबडी काढली. पोर गप्प. तीन चाकांची मोटार काढली. गप्प. वर पाणी आणि खाली ढग काढले. पोरगी टकामका बघायची आणि मान खाली घालायची. आत्याबाई आतून म्हणायच्या, “तुझी बाराखडी संपेल, पण ती बोलायची नाही.”

मग एकदा बाईंनी फळ्यावर मोठी किल्ली काढली. दाते काढले धरायच्या बाजूला आणि कडी काढली कुलपात घालायच्या बाजूला. सतरंजी शांत झाली. बऱ्याच वेळाने, भांड्यातून वाफ निघावी तसा आवाज आला, “बाई... थांबा. अशी किल्ली फिरणार नाही.”

“मग कशी फिरेल गं?”

पोरगी उठली, फळ्यापर्यंत गेली आणि बाईंच्या हातातून खडू घेतला.

“बरं झालं तू होतीस,” बाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी त्या वेळी मांजरावर मोठ्याने ओरडून घेतलं. मांजर त्या दिवशी घरात नव्हतं.

तर अशा सुनेची मूठ आज वळली नव्हती.

पोरं गेल्यावर आत्याबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. आडून विचारायची सवय त्यांना नव्हतीच. “आजची चूक कुणाची होती?”

“रंगाऱ्याच्या धाकट्याची. वजाबाकीची.”

“एकच?”

“रोज एकच असते की.”

“मग वार कुणाचे होते? वासरं कुणाची होती?”

सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, भांडं केव्हाच भरून वाहत होतं.

“नळ बंद कर,” आत्याबाई म्हणाल्या.

तिने नळ बंद केला. “मला वाटलं कुणाला कळत नाही,” ती म्हणाली. “पोरं हसतात, मीही हसते. त्यांना वाटतं खेळ आहे. काही दिवस चाललंय हे. परवा दुकानातून निघाले आणि उजवीकडे वळायचं की डावीकडे, तेच आठवेना. मग किल्लीवाला दिसला, त्याला रस्ता विचारला, म्हणून घर सापडलं.”

“नवऱ्याला सांगितलंस?”

“काय म्हणतील ते?”

“बघू म्हणेल,” आत्याबाई म्हणाल्या. “दुसरं काय येतं त्याला.”

आत्याबाईंचा मुलगा बसच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. इंजिनासमोर तासन्‌तास बोलेल, माणसासमोर त्याच्याकडे एकच शब्द. गळकं छप्पर, बहिणीचं आजारपण, भाऊबंदांची भांडणं, सगळ्याला “बघू”. गल्लीत त्याला बघूच म्हणत. तो सुनेला घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या, त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हे वाढत जाईल, उतरणार नाही, सांभाळून घ्या. त्यावरही त्याने मान हलवली आणि म्हणाला, “बघू.” बाहेर येऊन मात्र तो बाकावर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी सुटलेली नव्हती.

घरी आल्यावर सुनेने आत्याबाईंचा हात धरला. इतक्या वर्षांत तिने कधी असा हात धरला नव्हता, आणि धरू द्यावा असं आत्याबाईंनी काही केलंही नव्हतं.

“शिकवणी बंद करू नका, आत्याबाई. चार वाजता ती पोरं आली, की मी कोण आहे ते मला कळतं. ती नसली तर मी नुसती बसेन. बसले की जाईन.”

“कुठे जाणार आहेस मोठी? घराचा रस्ता आठवत नाही आणि जायच्या गोष्टी करते.”

“कुणाला सांगू नका.”

“मी काय दवंडी पिटणार आहे? आमच्या घरातलं आमच्या घरात. झाकली मूठ झाकलेलीच बरी.” आत्याबाईंनी हात सोडवून घेतला, पण हळू. “मी दारात बसते. तू चुकलीस की मी खोकते. खोकला ऐकू आला, की फळा बघायचा.”

सुनेला हसू आलं. “आणि तुम्हाला खरंच खोकला आला तर?”

“तर मरत नाही मी. तेव्हाही बघ.”

काही दिवस निभावलं. आत्याबाई दारात बसायच्या, डोळ्यांत तेल घालून. दुसरीपर्यंतची शिदोरी त्यांच्याजवळ होती, बेरीज-वजाबाकी बाजारात झिजून पक्की झाली होती. जे कळायचं त्याला त्या खोकायच्या, आणि सून चमकून फळा बघायची आणि पुसायची. जे त्यांना कळायचं नाही ते पोरं पकडायची. रंगाऱ्याचा धाकटा एकदा म्हणाला, “आत्याबाई, तुम्ही औषध का घेत नाही?”

“तुझ्या तोंडाला औषध मिळालं, की दोन्ही एकदम आणू,” आत्याबाई म्हणाल्या.

पोरं सुखात होती. एका चुकीच्या जागी आता तीन-तीन, चार-चार मिळत होत्या. ज्याची चूक त्याने खावी हा कायदा मोडला, कारण आता चुका कुणाच्या मापाच्या राहिल्याच नव्हत्या. ज्याच्या हाती लागेल त्याची. धिटाई असलेली पोरं पुढे होऊ लागली आणि मागची पोरं पुन्हा मागे सरकली. आत्याबाईंना ते दिसत होतं. पण पोरं हसत होती, सून उभी होती, आणि त्या स्वतःला म्हणत होत्या, चाललंय ना, चालू दे.

मग घड्याळाचा धडा आला.

बाईंनी फळ्यावर गोल काढला, आकडे छान मांडले, काटे काढले. लहान काटा चार ओलांडून पाचाच्या जवळ, मोठा नवावर. “लहान काटा चाराच्या पुढे गेला, म्हणून चार. मोठा नवावर, म्हणून पाऊण. हे झाले पावणेचार. लिहून घ्या.”

आत्याबाई खोकल्या.

बाईंनी दुसरं घड्याळ काढलं. लहान काटा सात ओलांडून आठाकडे. “हे पावणेसात.”

आत्याबाई जोरात खोकल्या. मग छाती धरून खोकल्या.

बाईंनी वळून पाहिलं. डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. “अगं, कुणीतरी आत्याबाईंना पाणी द्या. किती खोकतायत त्या.”

खूण विसरली होती. सगळीच्या सगळी.

किल्लीवाल्याची मुलगी पेला घेऊन आली. दोन्ही हातांनी धरला होता, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढली होती. आत्याबाईंच्या अगदी गुडघ्याशी येऊन उभी राहिली. तिच्या कानात नुसतं म्हणायचं होतं, जा, बाईंना थांबव. पोरगी गेली असती.

पण सुनेला चुकीचं म्हणायचं, तेही पोरांकरवी, आणि ती मुद्दाम चुकलेली नसताना? भाजीत मीठ चुकलं, चादरीची घडी चुकली, दाराची कडी चुकली, हे आत्याबाईंनी तिला उठता-बसता ऐकवलं होतं. जन्मभर नसलेल्या चुका काढल्या, आणि ज्या दिवशी खरी चूक समोर आली त्या दिवशी त्यांची जीभ उचलेना. घड्याळ काय, घरोघरी असतं, पोरं बापाला विचारतील, असं म्हणून त्यांनी पाणी प्यायलं आणि पेला परत दिला.

सतरंजीवर कुणीच “थांबा” म्हटलं नाही. नवा धडा होता. सगळ्यांनी मन लावून उतरवून घेतलं.

परीक्षा झाली, आणि थोड्याच दिवसांत किल्लीवाला दारात आला. सोबत मुलगी. मवाळ माणूस, दुसऱ्यांची कुलपं उघडून उघडून हळू बोलायला शिकलेला. चप्पल बाहेर काढून तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

“बाई, भांडायला नाही आलो हं. विचारायला आलोय.”

“या ना, बसा,” सून म्हणाली.

“पोरगी बोलत नाही परत. आधीसारखं झालंय. घरीसुद्धा नाही.” त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाळेत घड्याळाचं गणित आलं होतं. तुमच्याकडच्या सगळ्या पोरांनी चुकवलं. सगळ्यांनी एकसारखं. तिथल्या बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? बाकीची गप्प बसली. ही उभी राहिली. म्हणाली, आमच्या बाईंचं बरोबर आहे. बाई चुकल्या असत्या तर आम्ही पकडलं असतं.”

मुलगी मान खाली घालून उभी होती.

“त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं हिला. सगळा वर्ग हसला. तरी ही म्हणत राहिली, की घड्याळ चुकलंय. मग बाहेर उभी केली शाळा सुटेपर्यंत. तेव्हापासून...” तो थांबला. “एवढ्याशा गोष्टीने पोर बंद होते का हो, बाई? तुम्हीच उघडलं होतंत तिला. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.”

सून मुलीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माया होती आणि बाकी सगळा गोंधळ. “घड्याळ?” ती म्हणाली. “घड्याळ आपण अजून घेतलंच नाही ना गं? पुढच्या आठवड्यात घेणार होतो.”

मुलीने मान वर केली.

आत्याबाई दारातून सगळं बघत होत्या. आता ती पोर काय समजेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जिच्यासाठी ती भर वर्गात उभी राहिली, ती बाई तोंडावर म्हणतेय, मी शिकवलंच नाही. आणि किल्लीवाल्याच्या डोळ्यांतही काहीतरी हलू लागलं होतं. दुकानातून घरचा रस्ता विचारणारी बाई त्याला आठवत असणार. उद्या गल्लीभर होईल, बाईंचं डोकं गेलं. परवा पोरंच खिडकीतून ओरडतील, बाई, थांबा.

स्टूल मागे सरकलं.

“तिला काय विचारता?” आत्याबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. “मला विचारा. तिने घड्याळ बरोबर काढलं होतं. ती पाणी प्यायला आत गेली, तेव्हा मी पुसलं आणि माझ्या मनाने काढलं.”

“आत्याबाई, तुम्ही?”

“मी. माझं घर, माझी भिंत, माझा फळा. मला वाटलं पावणेचार तसेच असतात. मला काय येतं? दुसरी नापास बाई मी. पोरांनी उतरवून घेतलं. बाईंनी बघितलंसुद्धा नाही.” त्या मुलीकडे वळल्या. “ऐकलंस का गं? तुझ्या बाई चुकल्या नव्हत्या. तू शाळेत बोललीस ते खरंच होतं.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की आत्याबाईंनी आजवर कुणाचीही नजर खाली पाडली असेल, पण या वेळी त्यांचीच गेली.

“हे बरं नाही केलंत, आत्याबाई,” किल्लीवाला म्हणाला. आवाज चढला नाही, पण त्यातली मवाळी गेली होती. “पोरांच्या आयुष्याचा प्रश्न असतो.”

“मग न्या तुमची पोरं!” आत्याबाई गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, तशा त्या पायरीवर आल्या. “रोजचा कालवा नुसता! म्हातारपणी डुलकी घ्यायची सोय नाही. घर आहे की कोंडवाडा? उद्यापासून शिकवणी बंद. एक पोर जरी या दाराशी दिसलं तर पाणी ओतीन अंगावर!”

वाईट नावाचा एक फायदा असतो. खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत, लोक आधीच तयार बसलेले असतात. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की सासूने सुनेची शिकवणी बुडवली. सोन्यासारखी बाई, आणि नशिबाला ही कैदाशीण. रंगारी पायरीवर येऊन शिव्या घालून गेला. दोन मोठ्या पोरी, ज्या कधीकाळी याच सतरंजीवर शिकल्या होत्या, येऊन बाईंच्या गळ्यात पडून रडल्या आणि जाताना आत्याबाईंना ओलांडून गेल्या. सुनेच्या डोक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

रात्रीच्या जेवणाला बघू भात कालवत बसला होता. मग एकाएकी म्हणाला, “आई, हे बरोबर नाही.”

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हा शब्द त्याच्या तोंडून त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. “काय बरोबर नाही?”

“तिला खरं सांग. ती तुझा राग करतेय.”

“सांगते की. आज सांगते. उद्या ती विसरेल, उद्या पुन्हा सांगते. परवा पुन्हा. म्हणजे रोज नव्याने तिला कळू दे, की तू संपत चाललीस. रोज नव्याने मरायला लावू का तिला?” त्यांनी ताट सरकवलं. “त्यापेक्षा माझ्यावर चिडू दे. चिडलं की माणूस ताठ राहतं.”

“आणि तू?”

“मला काय धाड भरलीये.”

तसंच सुरू झालं. रोज दुपार कलली, की सून केस विंचरायची, पुढच्या खोलीत यायची, सतरंजी अंथरायची आणि वाट बघायची. थोडा वेळ गेला की विचारायची, “आत्याबाई, पोरं का नाही आली?”

“मी हाकलली.”

“का?”

“मला कालवा सोसत नाही.”

मग ती भडकायची. गेल्या सगळ्या वर्षांत गिळलेलं बाहेर यायचं. “तुम्हाला माझं काहीच सोसलं नाही कधी! मी आले त्या दिवसापासून नाही! माझ्या हाताला चव नाही, माझ्या बोलण्याला वजन नाही. एवढी एक गोष्ट माझी होती, तीही तुम्हाला बघवली नाही!” एकदा तिने खडूचा डबा भिंतीवर फेकला. एकदा आत्याबाईंचा दंड धरून गदागदा हलवला आणि म्हणाली, “तुम्ही माझा जन्म जाळलात.”

आत्याबाईंना या प्रत्येकाला उत्तर येत होतं. चांगली सणसणीत उत्तरं, ओठाशी आलेली. त्या ती गिळायच्या आणि शेंगा सोलायच्या. खोटं यातलं फक्त पोरांचं होतं. बाकी सुनेने म्हटलं त्यातलं किती खोटं होतं, ते त्यांना विचारायचं धाडस कुणी केलं नाही, आणि त्यांनी स्वतःही फार खोलात जाऊन पाहिलं नाही.

रागावली की सून पूर्वीसारखी दिसायची. डोळ्यांत धार यायची, वाक्यं पुरी व्हायची, शब्द अडायचे नाहीत. आत्याबाई त्याच वेळेची वाट बघायला लागल्या होत्या. कधी ती उशिरा विचारायची, तर त्या आपणहून बोलणं काढायच्या, “आज शांतता आहे बाई, कसं बरं वाटतं.” की लगेच ठिणगी पडायची.

किल्लीवाल्याची मुलगी शाळेत जाता-येता गल्लीतून दिसायची. पायरीवर आत्याबाई बसलेल्या असल्या की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. बोलू लागली की नाही, ते आत्याबाईंना कळलं नाही. विचारायचं कुणाला? त्यांच्याशीही कुणी बोलत नव्हतं.

थंडी सरता सरता एक दिवस असा आला, की सुनेने केस विंचरले नाहीत. बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली. सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेलीच राहिली. समोर दार उघडं होतं, उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून आत सरकत होता.

आत्याबाईंनी टोपली मांडीवर घेतली आणि वाट बघितली. सून काही बोलली नाही.

“आज शांतता आहे,” आत्याबाई म्हणाल्या.

सून उन्हाच्या पट्ट्याकडे बघत होती.

“पोरं आली नाहीत बघ.”

सुनेने मान डोलावली, सौजन्याने, दुकानात अनोळखी माणसाला वाट देतात तशी.

“मी हाकलली त्यांना,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरा मोठा झाला. “सगळी. मीच. ऐकतेस का? अगं, बोल की काहीतरी. तोंड शिवलंय का तुझं?”

सून त्यांच्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “आजी, उभ्या का? बसा ना. कुणाला न्यायला आलात?”

आत्याबाई उभ्या होत्या. केव्हा उठल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर पडल्या होत्या.

“घाबरू नका,” सून म्हणाली. “पोर कसं आहे तुमचं?”

आत्याबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

“हुशार आहे,” त्या म्हणाल्या. “फार हुशार आहे. मी कधी म्हटलं नाही तिला.”

“म्हणत जा,” सून म्हणाली. “बसा. सुटायला अजून वेळ आहे.”

आत्याबाई तिच्या शेजारी बसल्या आणि दोघी मिळून दाराकडे बघत राहिल्या.